व्याहीभेटीतला वास

हिंदुरावांनी मला मिठी मारली आणि लगेच सोडून दिली.

माझ्या मुलीचा, उज्ज्वलाचा साखरपुडा होता. इचलकरंजीत आमच्या गल्लीत दारापुढं मांडव घातला होता. आमच्याकडं मुलीचा बाप आणि मुलाचा बाप सगळ्यांदेखत उराउरी भेटतात. त्याला व्याहीभेट म्हणतात. भेट झाली, गुलाल लागला की नातं पक्कं झालं, मग जेवणं. त्यामुळं मांडवातली सगळी माणसं आमच्याकडंच बघत होती. हिंदुराव उंच, मी बुटका. त्यांचं तोंड माझ्या तोंडाशी आलं आणि ते मागं सरले. माझे दोन्ही खांदे धरून त्यांनी मला हातभर लांब ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पावणं, आजच्या दिवशी तरी नको हुतं."

काय नको होतं ते मला कळलं नाही. डोकं जड झालं होतं. माणसं पाण्यातून बघितल्यासारखी दिसत होती.

त्याच्या आधी कितीतरी दिवस मला तहान लागत होती. कळशी उचलून तोंडाला लावावी अशी तहान. मी यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होतो. माग बिघडला की तो लावून द्यायचा हे माझं काम. दोन माग दुरुस्त करेपर्यंत चारदा पाणी प्यायला जायचो आणि तितक्याच वेळा मागच्या भिंतीकडं. पँट ढिली झाली म्हणून पट्ट्याला नवं भोक पाडलं. मागावरचा धोटा उडून पायाला लागला होता, ती जखम भरत नव्हती. बायको, अनसा, दवाखान्यात चला म्हणून मागं लागली होती. साखरपुडा पार पडू दे, असं मी तिला म्हणत होतो. शेवटचे दोन दिवस उलट्या सुरू झाल्या. मी समजलो पित्त झालंय. सोडा घेतला, गार वाटावं म्हणून उसाचा रस प्यायलो, त्यावर सरबत. जेवढं गोड पोटात जाई तेवढी तहान वाढे. आणि त्या दिवशी सकाळपासून श्वास निराळाच सुरू झाला. ती धाप नव्हती. खोल, मोठा श्वास, एकामागून एक, कुणीतरी आत बसून भाता ओढतोय तसा. मी थांबवायला बघितलं तर थांबेना.

मी प्यायचो, हे गल्लीला ठाऊक होतं. व्याह्यांना नव्हतं. उज्ज्वला अंगणवाडीत जायची तेव्हापासून तिची दहावी होईपर्यंत मी प्यायचो. दहावीच्या उन्हाळ्यात सोडली ती सोडलीच. त्याला चार वर्षं झाली होती. हे स्थळ आणलं माझ्या मेहुण्यानं, जोतिरामनं. हिंदुरावांची एकच अट होती, घर निर्व्यसनी पाहिजे. आमच्या उंबऱ्याच्या आत थेंब येत नाही, असं ते बैठकीत मांडीवर थाप मारून म्हणाले होते. जोतिराम म्हणाला, आमचं दाजी सुपारीसुद्धा खात न्हाईत. मी शेजारी बसून मान डोलावली होती.

आता हिंदुराव त्यांच्या भावकीकडं वळले आणि आवाज चढवून म्हणाले, "उठा. आपल्याला फसवलंय ह्येंनी. बाप ढोसून आलाय व्याहीभेटीला."

जोतिराम धावत पुढं आला. दाजींची दाढ दुखतीया, दाढंला औषधाचा बोळा लावलाय, त्येचा वास आहे, असं तो सांगू लागला. त्यांच्यातला एकजण माझ्याजवळ आला, नाक पुढं करून वास घेतला आणि मान हलवत परत गेला. मी बोलायला तोंड उघडलं. दोन शब्दांच्या मधे श्वास येत होता.

"म्या... घेतल्याली... न्हाई."

हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा आणि असल्याच जड जिभेनं म्हटलं होतं की मागं उभ्या असलेल्या गल्लीतल्या कुणीतरी तोंडावर हात ठेवला. हसू होतं का हळहळ, कुणास ठाऊक. मी एक पाऊल टाकलं, ते तिरकं पडलं. गुलालाचं ताट माझ्या हातानं लवंडलं. जोतिरामनं काखेत हात घालून मला धरलं आणि आत नेता नेता कानाशी म्हणाला, "दाजी, पोरीचा तरी इचार करायचा हुता."

आतल्या खोलीत उज्ज्वला नव्या शालूत बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. उठली, शालूचा पदर कमरेला खोचला, कोपऱ्यातली चटई घेऊन भिंतीकडंला अंथरली. मोरीतनं बादली आणून उशाला ठेवली, मी डाव्या कुशीवर ओकतो म्हणून डाव्या बाजूला. चार वर्षांत तिच्या हातानं यातलं काही केलं नव्हतं, पण हात विसरले नव्हते. मग ती दाराकडं पाठ करून उभी राहिली.

मी चटईवर पडलो. खरं सांगायचं तर त्या घटकेला मलाच वाटू लागलं की मी घेतली असेल. सगळी माणसं एकाच वेळी कशी चुकतील? डोक्यात धुकं होतं. सकाळी कुठं गेलो, काय प्यायलो, हे आठवायला बघत होतो आणि आठवत नव्हतं.

बायकांची दाटी झाली. त्यात मुलाची आई, शालनबाई, हातात लिंबू पिळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन आली. उतारा म्हणून असणार. तिनं माझ्या मानेखाली हात घालून तांब्या तोंडाला लावला, वाकली, आणि तशीच थांबली. थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग तांब्या खाली ठेवून काही न बोलता मागं जाऊन उभी राहिली.

अनसा परसात होती, वाढप्यांच्या गडबडीत. तिला कुणीतरी जाऊन सांगितलं. ती आली ती हात पुसत. ती काय बोलेल हे ऐकायला बायका गप्प झाल्या. तिच्या शिव्या गल्लीला पाठ होत्या.

ती सरळ माझ्याजवळ आली. गुडघ्यावर बसली, एका हातानं माझा जबडा धरून तोंड उघडलं आणि आपलं नाक माझ्या ओठांशी आणलं. सगळ्या बायकांदेखत. एक श्वास घेतला. तोंड बाजूला करून स्वतःच्या पदराचा वास घेतला आणि परत माझ्या तोंडाशी आली. मग बोट माझ्या जिभेवरून फिरवून बघितलं, कोरडं ठक्क. छातीवर तळवा ठेवून भाता मोजत बसावं तशी बसली.

"ही दारू न्हवं," ती म्हणाली.

जोतिराम दारात होता. तो म्हणाला, "आक्का, गप. पावणं भाईर हाईत."

"जोत्या, ही दारू न्हवं. पिकून सडल्याल्या पेरूगत वास हाय. दारूचा असा येत न्हाई."

जोतिरामनं बायकांना बाहेर काढलं, दार ओढून घेतलं आणि दबक्या आवाजात तिला समजावू लागला. तुला दारूचा वास कळतो असं म्हणालीस तर कुठं कळला, हे पावणं विचारतील. आत्ता चिडले आहेत, संध्याकाळपर्यंत समजूत काढता येईल, एकदा चुकलं म्हणून पाया पडता येईल. पण आपण सारे बैठकीत खोटं बोललो हे कळलं तर लग्न गेलंच. दाजींना झोपू दे, उतरेल.

अनसानं माझ्याकडं बघितलं, मग उज्ज्वलाच्या पाठीकडं. किती वेळ गेला सांगता येत नाही. माझा श्वास मात्र मला ऐकू येत होता, खोलीतलं दुसरं काहीच नाही. मग ती उठली, दार उघडलं आणि मांडवात गेली. मला पडल्या जागेवरून तिची नुसती टाच दिसत होती.

ती म्हणाली, "पावणं, बसा. माजं ऐका आणि मग जावा. माजा नवरा पीत हुता. बारा वर्सं पीत हुता. आमी तुमाला खोटं सांगितलं. देशी काय, हातभट्टी काय, इंग्लिश काय, रातीची काय आन सकाळची शिळी काय, सगळ्या वासात मी झोपलीया. अंधारात सांगीन कुटली हाय ती. आज त्येच्या तोंडाला येतोय तो त्यातला कुटलाच न्हाई. त्यो मरायला लागलाय. गल्लीत तुमच्याबिगार कुणाकडं गाडी न्हाई. लगीन मोडायचं तर मोडा, पर गाडी काढा."

हिंदुराव काहीतरी म्हणाले. बारा वर्षं, असा शब्द मी ऐकला. मग बाईचा आवाज आला, शालनबाईचा, दाराजवळूनच.

"धनाजी, गाडी काढ."

"बस खाली," हिंदुराव म्हणाले.

धनाजी, म्हणजे माझा होणारा जावई, बसला नाही. जीप दारापर्यंत मागं आल्याचं मी ऐकलं. त्यापुढचं तुकड्यातुकड्यानं आठवतं. माझं डोकं अनसाच्या मांडीवर होतं. ती धनाजीच्या मागच्या बाकावर बसली होती आणि दर वळणाला पुढं वाकत होती.

मोठ्या दवाखान्यात मला शुद्ध आली तेव्हा दोन्ही हातांना सलाईन होतं. एक तरुण डॉक्टरीणबाई माझ्या मनगटावर कापूस दाबून बसल्या होत्या. नाडी लागते तिथून रक्त काढलं होतं. नेहमीचं शिरेतलं रक्त चालत नाही, त्या म्हणाल्या, फुप्फुसातनं ताजं आलेलं पाहिजे, तरच रक्त किती आंबट झालंय ते नीट कळतं.

रक्त आंबट होतं हे मी पहिल्यांदा ऐकलं. अनसानं विचारलं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळं उलगडून सांगितलं. मला मधुमेह होता, बरेच दिवसांचा, ठाऊक नसलेला. पायाच्या जखमेत पू झाला आणि मधुमेह उसळला. अंगात साखर भरलेली, पण शरीराला ती वापरता येईना. मग शरीर चरबी जाळू लागलं, आणि चरबी अशी जाळली की आम्ल तयार होतं. रक्ताला थोडंसुद्धा आम्ल जास्त सोसत नाही. तोल सात पूर्णांक चारवर असावा लागतो, माझा सातच्या खाली गेला होता. ऐकायला फरक केवढासा वाटतो, त्या म्हणाल्या, पण एवढ्यात माणूस जातो.

"मग त्यो श्वास?" अनसानं विचारलं. "तसा कशानं चालला हुता?"

"त्यानंच तर वाचले," त्या म्हणाल्या. "आपण श्वास सोडतो तेव्हा कर्बवायू बाहेर जातो. जितका जास्त जाईल तितकं रक्तातलं आम्ल कमी होतं. ह्यांच्या फुप्फुसांनी ते काम अंगावर घेतलं होतं. दिवसभर एकटी ओढत होती. अजून दोन-तीन तास गेले असते तर दमून थांबली असती."

"आणि वास?"

"चरबी जळते त्याचा. श्वासातनं बाहेर पडतो. पुष्कळांना दारूसारखा वाटतो."

जाता जाता त्यांनी विचारलं की लोक अशा माणसाला प्यायलेला समजून झोपवून ठेवतात, तुम्ही लगेच कसं आणलंत. अनसा म्हणाली, वास निराळा वाटला. एवढंच म्हणाली.

लग्नाचं काय झालं हे मी विचारलं नाही. उज्ज्वला एकदा येऊन गेली. माझ्या पायाशी बसली, जखमेच्या पट्टीवरून हात फिरवला. बादलीबद्दल ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही. मला दवाखान्यात सोडून जीप परत आल्यावर हिंदुराव भावकीला घेऊन गावी निघून गेले होते, एवढं जोतिरामकडनं कळलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात सामसूम होती. माझा डोळा लागला होता. जाग आली ती बायकांच्या बोलण्यानं. पापणी किलकिली केली तर शालनबाई खाटेपलीकडं स्टुलावर बसली होती, अनसा खाली फरशीवर. मी डोळे मिटून घेतले.

शालनबाई सांगत होती की ती एसटीनं आली आहे, घरी बहिणीकडं जाते म्हणून सांगितलं आहे.

"मला बी कळलं हुतं," ती म्हणाली. "लिंबूपाणी पाजाय वाकले न्हवं का, तवाच कळलं. ही दारू न्हाई म्हणून. पर मी बोलले न्हाई."

अनसानं मान वर करून बघितलं.

"बोलले असते तर तुमच्यागत मला बी सांगाय लागलं असतं," शालनबाई म्हणाली, "मला कसं ठावं त्ये."

"पावणं घेत्यात?"

"उंबऱ्याच्या आत आणत न्हाईत. उसातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीवर घेत्यात. त्येंचं खोटं न्हाई."

यावर दोघी हसल्या. हळू, पदराआड. मग ज्या गोष्टी त्या बोलल्या त्या ऐकत मी पडून राहिलो. दारू पहिले दोन तास तोंडाला येते आणि मग अंगाला येते, शर्ट धुतला तरी काखेत राहते. लवंग खाल्ली की अजून कळते. पोरं उशी बदलून मागतात. बाप हाक मारतो तो आवाज ऐकून पोरगी किती प्यायलाय ते सांगते. शालनबाई म्हणाली, माझा धनाजी अंगणात चप्पल वाजली की सांगायचा. दोन शेजारणी लोणच्याचं बोलतील तशा त्या बोलत होत्या. एकीचं राहिलं ते दुसरी सांगत होती. झोपलेल्या माणसासारखा एकसारखा श्वास घ्यायला मला फार जड जात होतं.

मग शालनबाई म्हणाली, "मी त्येंना समजावलंय. लगीन हुईल. पर तुमी इचार करा. घर असं हाय. पोराचं म्हणाल तर त्यो शिवत न्हाई, माज्या गळ्याची आण. पर आईचं कोण खरं मानणार?"

"मी मानते," अनसा म्हणाली. "पोरगा चांगला हाय. मी बगितलंय."

"कवा बगितलं?"

"परवा गाडीत. त्येच्या मागं बसले हुते. वाकून वाकून घेतला वास. शर्टाचा, केसाचा. नुसता घाम हुता."

शालनबाईनं तोंडावर पदर घेतला. मग म्हणाली, "बाई, नवरा मांडीवर मरत हुता की वं."

"व्हय. पर पोरगी द्यायची हाय न्हवं."

आता उठून बसावं, काहीतरी बोलावं, दोघींच्या पाया पडावं, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात शालनबाईनं विचारलं की सोडल्यावर तरी हे सगळं संपतं का. माणूस सोडतो तेव्हा बायकोचं काय होतं. माझे कान तिकडं लागले. सोडल्याचा मला अभिमान होता. चार वर्षांत अनसानं मला एकदाही विचारलं नव्हतं की आज घेतली का. तिचा आता माझ्यावर विश्वास बसला, असं मी धरून चाललो होतो. कारखान्यात चारचौघांत तसं सांगितलंही होतं.

"चार वर्सं झाली," अनसा म्हणाली. "हात लावला न्हाई त्येंनी. खरंच लावला न्हाई. तरी रोज घेते."

"काय?"

"वास. ते झोपल्यावर. त्येंची भिंतीकडं तोंड करून झोपायची सवय हाय, म्हणून मग वरनं वाकाय लागतं. कंबर धरती माजी. पर घेतल्याबिगार झोप न्हाई येत."

नंतर शालनबाई एसटी चुकेल म्हणून उठली. अनसा तिला दारापर्यंत पोहोचवायला गेली. ती परत येईपर्यंत मी डोळे पुसून घेतले. तिनं माझ्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला, आणि मी नुकताच जागा झाल्यासारखं केलं.

लग्न झालं. हिंदुरावांनी व्याहीभेट तेव्हा घेतली, पण लांबून घेतली. त्यांनी तोंड फिरवलं आणि मीही फिरवलं. उज्ज्वलाचं चांगलं चाललं आहे.

दवाखान्यातनं घरी आलो त्या दिवशी मी अंथरुणावर पडलो आणि कूस बदलली. भिंतीकडं पाठ केली आणि तिच्याकडं तोंड करून झोपलो. तिनं विचारलं, आज इकडं कसं. मी म्हणालो, त्या बाजूला सुई टोचलेली दुखतीया. सुईचं दुखणं आठवड्यात गेलं. मी मात्र तसाच झोपू लागलो, तोंड थोडं उघडं ठेवून, म्हणजे तिला वाकायला नको. त्यापुढं ती अठरा वर्षं होती. कितीतरी वेळा मी जागाच असायचो. तिचं नाक जवळ यायचं, एक लहान श्वास आत जायचा, आणि मग ती पाठ टेकायची. मी जागा आहे हे तिला कधी कळू दिलं नाही. आणि एकदाही तिला म्हणालो नाही की अनसा, आता पुरे कर.

गेल्या वैशाखात ती गेली. मी अजून त्याच कुशीवर झोपतो.